‘गारवा’ ऐकणारा मुलूख

मराठी गाण्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. गायकांची चरित्रं झाली, संगीतकारांच्या मुलाखती झाल्या, कवींच्या आठवणी झाल्या. गाणं ज्याने ऐकलं, वर्षानुवर्षं सांभाळलं आणि स्वतःच्या कामाधंद्यात कुठेतरी बसवून घेतलं, त्याचं म्हणणं मात्र कागदावर फारसं आलं नाही. पुढच्या पानांत ते आलं आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या माणसांनी एकाच अल्बमविषयी लिहिलेली ही टिपणं आहेत. लिहिणाऱ्यांत कुणी गणपती रंगवतं, कुणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने जातं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी खारेपाटात शेती करतं. अल्बम एकच, १९९८ साली आलेला ‘गारवा’. शब्द सौमित्र यांचे, चाली आणि मुख्य आवाज मिलिंद इंगळे यांचा.

सौमित्र म्हणजे किशोर कदम. ‘फँड्री’तला बाप म्हणून त्यांना ओळखणारी पिढी आता वेगळी आहे आणि ‘गारवा’तला आवाज म्हणून ओळखणारी वेगळी. दुसऱ्या पिढीच्या लेखी हा माणूस आधी आवाज आहे, चेहरा त्यानंतर. कारण ‘गारवा’त कविता छापील राहत नाही, कवी ती स्वतः म्हणतो, बोलल्यासारखी, घाई न करता. ती संपते न संपते तोच तिच्याखालून सूर वर येतो आणि गाणं सुरू होतं. गाणं ओसरलं की पुन्हा बोलणं. आज हे ऐकताना काही विशेष वाटत नाही, इतकं ते पुढे अनेकांनी केलं. तेव्हा कॅसेट लावल्यावर पहिल्यांदा बोलणंच ऐकू आलं म्हणून चुकीची बाजू लागली की काय, असं वाटलेली माणसं या टिपणांत भेटतील.

मराठी श्रोत्याला बोललेल्या कवितेची सवय नव्हती असं मात्र नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव फिरून काव्यवाचनाला तिकीट काढून येणारा श्रोता घडवला होता. भावगीताची परंपरा तर त्याहून जुनी. रेडिओने ती घरात आणली, १९५५ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा ती आठवड्याच्या नेमात बसली. ‘गारवा’ त्याच घराण्यातला. फरक वाद्यांचा आणि लयीचा. भावगीताला पेटी, तबला, बासरी, व्हायोलिन असा वाद्यमेळ ठाऊक होता. ‘गारवा’त गाण्याखाली अंथरलेला असतो तो सिंथेसायझरचा लांबलचक सूर, ज्याला वाजवणारे ‘पॅड’ म्हणतात. पट्टी दाबल्याबरोबर तो फुटत नाही, हळूहळू उमलतो. बोट उचललं तरी लगेच विझत नाही. पेटीला भाता लागतो, बासरीला श्वास लागतो, व्हायोलिनचा गज कुठेतरी परतावा लागतो. या सुराला कुठेच परतायचं नसतं. त्यामुळे गाणाऱ्याला दोन ओळींच्या मध्ये वाटेल तेवढं थांबता येतं आणि ती जागा रिकामी वाटत नाही.

हा गुण जगात त्याच सुमारास निराळ्या वाटेने ऐकू येत होता. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात मिनिटाला १२० ते १३० ठोके पडतात. तेच यंत्र घेऊन लय ७० ते १०० ठोक्यांच्या दरम्यान खाली आणायची, मधल्या जागा मोकळ्या ठेवायच्या, आणि नाचण्याऐवजी बसून ऐकण्यासारखं काही करायचं, हा प्रकार ‘डाउनटेम्पो’ या नावाने ओळखला जाऊ लागला होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातले मॅसिव्ह अटॅक आणि पोर्टिसहेड हे त्यातले ठळक. मॅसिव्ह अटॅकचा ‘मेझनाइन’ १९९८ चाच, आणि एअर या फ्रेंच जोडगोळीचा ‘मून सफारी’ही त्याच वर्षीचा. पेणच्या बाजारात यातलं काही आलं नव्हतं आणि ‘गारवा’ करणाऱ्यांनी ते समोर ठेवून काम केलं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘गारवा’ला त्या पंगतीत बसवणं काही जाणकारांना रुचणार नाही, त्यांच्या मते हा सुगम संगीताचाच अल्बम. घडणीच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. मी ऐकण्याच्या बाजूने पाहतो. लोकांनी या अल्बमचं काय केलं, तो कधी लावला, किती वेळा लावला, लावल्यावर काय करत बसले, हे पाहिलं की ब्रिस्टलच्या खोल्यांतला श्रोता आणि नागोठण्याच्या खोलीतला श्रोता एकमेकांना अनोळखी वाटत नाहीत.

आता पेण-रोह्याचा कान कसा होता, ते सांगायला हवं. विजेवर चालणारं वाद्य या भागाला नवं नव्हतं. विसर्जनाला बेंजो पार्टी असायची, हळदीला आगरी-कोळी गाणी, नवरात्रात ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रात एक कॅसिओ आणि एक ऑक्टोपॅड नसेल तर सुपारी कमी मिळायची. पण या सगळ्यात वीज आली ती वेगासाठी आणि आवाजासाठी. कर्णे गावाच्या दोन्ही टोकांना बांधायचे आणि पलीकडच्या आळीला ऐकू गेलं पाहिजे, हा हिशेब. ‘गारवा’ने तीच वीज हळू बोलण्यासाठी वापरली. रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणाऱ्याने आपल्या टिपणात हे फार नेमकं पकडलं आहे. आपल्या वाद्यात हा सूर होताच, असं तो लिहितो. फक्त त्या क्रमांकाचं बटण कधी कुणी दाबायला सांगितलं नव्हतं. कॅसेट ऐकल्यावर त्याने ते दाबलं आणि रात्री उशिरापर्यंत एकच पट्टी धरून बसला.

मग इतका संथ अल्बम या वेगाच्या मुलखात रुजला कसा? शहरातून आलेली नवलाई म्हणून, असं सोपं उत्तर देतात. मला ते पटत नाही. मला वाटतं, इथल्या माणसाचा कान संथ लयीवरच वाढलेला आहे. आगरी लग्नातला धवला ज्याने ऐकला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. धवलारीण वाद्य घेत नाही. एक ओळ लांबवते, सोबतच्या बायका ती उचलतात, आणि लग्नाचा एकेक विधी त्या ओळींच्या आधाराने पुढे सरकतो. कुणाला घाई नसते. ओळ संपेपर्यंत नवऱ्या मुलालासुद्धा थांबावं लागतं. रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची मानवंदना झाली की ती आळी-आळीतून फिरते, आणि रात्र चढत जाते तसा तिच्यामागच्या भजनाचा ठेकाही सैलावत जातो. पहाटेची काकड आरती तशीच. ही सगळी लांब चालणारी, हळू उलगडणारी, मध्ये मोकळी जागा ठेवणारी गाणी. बेंजो हा या मुलखाचा एक कान झाला. दुसरा कान या गाण्यांनी तयार केलेला होता, आणि ‘गारवा’ नेमका त्या कानात गेला.

हे मी तर्काने लिहिलं असतं तर कदाचित इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात ते मला दिसलं. पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचं काम बारा महिने चालतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या असतात म्हणून त्या आधीच डब्यात भरतात, आणि आषाढ लागला की इथल्या बाजारासाठीची धांदल सुरू होते. बाहेर धो धो पाऊस, आत ओलावा, मूर्ती लवकर वाळत नाही, रंग लवकर धरत नाही. कारखान्यात एक टेपरेकॉर्डर असतोच. हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, स्प्रेचा रंग उडू नये म्हणून, आणि तरीही ‘प्ले’च्या बटणावर पिवळ्या पितांबराचा रंग बसलेला होता. दिवसभर त्यावर काहीही लागे. साच्यातून मूर्ती काढणाऱ्या पोरांना ठेक्याचं लागतं. संध्याकाळी आखणीचा कारागीर बसला की कॅसेट बदलायची, हा तिथला रिवाज होता.

आखणी म्हणजे डोळे. सगळ्या मूर्तीत सर्वांत शेवटी होणारं आणि सर्वांत कमी चूक चालणारं काम. भुवई एका ओढीत जावी लागते. मध्ये हात थांबला तर तिथे गाठ दिसते, आणि ती पुसायला गेलं तर खालचा अंगाचा रंग उठतो. त्या कारागिराने ‘गारवा’ लावला होता. तो काय करतो ते मी बाजूला बसून पाहत राहिलो. कविता चालू असेतो तो रंग कालवत होता, ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून केस एकत्र आणत होता. गाणं सुरू झालं की मूर्तीची मान डाव्या हाताने धरून डोळा घ्यायचा. ओळ लांबली की भुवईही लांबायची. दोन ओळींच्या मधल्या जागेत हात उचलून श्वास सोडायचा. विचारलं तर म्हणाला, ‘ठेक्याच्या गाण्यावर हात उडतो, दादा. एकदम गप्प असलं तरी उडतो. याच्यावर बसतो.’ त्याचं टिपण या संग्रहात आहे. ते फार लहान आहे. त्यात कवितेचा अर्थ, प्रेम, विरह यातलं काहीच नाही, फक्त हाताविषयी आहे. माझ्या मते सबंध संग्रहात संगीताविषयी त्याच्याइतकं खरं कुणी लिहिलेलं नाही.

‘गारवा’ ऐकण्याची दुसरी मोठी जागा म्हणजे गाडी. १९९८ च्याच जानेवारीत कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली, सुमारे ७४० किलोमीटर. देशभर तिचं कौतुक झालं ते पूल आणि बोगद्यांसाठी. रोहेकरांची गाडी मात्र रोह्याच्या अलीकडची, दिवा-रोहा पॅसेंजर. आपट्यापुढे रोह्यापर्यंत रूळ १९८६ साली आले. पनवेल सोडलं की आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. मार्ग तेव्हा एकेरी होता. कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर लांबच्या गाड्या वाढल्या आणि त्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर कुठेतरी बाजूला उभी राहायची. कासूला उभी राहिली तर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि पाणी, बाकी काही नाही. नोकरीला मुंबईकडे जाणाऱ्या पोरांच्या कमरेला तेव्हा वॉकमन असे आणि एका वॉकमनला दोन कान असत, एक याचा, एक त्याचा. ‘झाडाखाली बसलेले’ आणि ‘पाऊस दाटलेला’ ही गाणी आपण पहिल्यांदा अर्धीच ऐकली, कारण डावा कान मित्राकडे होता, असं एकाने लिहिलं आहे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात काही वाद्यं एका बाजूला अधिक ठेवलेली असतात, त्यामुळे ते अक्षरशः खरं आहे. स्वतःचा वॉकमन घेतल्यावर त्याला त्या गाण्यात नवी वाद्यं सापडली.

सेल उतरण्याची गोष्ट तर जवळजवळ प्रत्येकाच्या टिपणात आहे. पावसात वीज जायची ती परत कधी येईल ते सांगता येत नसे, म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल संपत आले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते, आणि गाणं संथ होता होता सूरही खाली उतरतो. चांगल्या वेगाच्या गाण्याची त्यात पार रया जाते. ‘गारवा’ आधीच संथ. तो आणखी थोडा मंदावला तर बराच वेळ कुणाच्या लक्षातच यायचं नाही. काहींना तर तो तसाच आवडायचा, आवाज अधिक घोगरा, अधिक जवळचा वाटायचा म्हणून. जे तेव्हा सेलमुळे व्हायचं ते आजची मुलं मुद्दाम करतात. मोबाइलवर मराठी गाण्यांच्या मंदावलेल्या, घुमवलेल्या आवृत्त्यांचा पूर आहे. ‘लो-फाय’ आणि ‘स्लोड’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात डीजे स्क्रू नावाच्या कलावंताने १९९०च्या दशकात गाणी मंदावून त्यांच्या कॅसेट काढल्या, त्या ऐकण्याची तिथे एक संस्कृतीच तयार झाली, आणि आजच्या या खेळाचं मूळ तिथपर्यंत जातं. धाटावला रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाने लिहिलं आहे की भोंगा झाल्यावर बसमध्ये बसलं की त्याला मूळ वेगाचं कुठलंच गाणं सहन होत नाही. त्याच्या आईने त्याला ‘गारवा’ ऐकवला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, हे कुणी स्लो केलंय? कुणीच नाही, ते तसंच आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. तेव्हापासून बसमध्ये तो तेच ऐकतो.

याच तरुणाच्या गाण्यांच्या यादीत कर्श काळे आहेत, आणि त्यांच्याविषयी इथे थोडं थांबावंसं वाटतं. मराठी आईवडिलांचा हा मुलगा इंग्लंडमध्ये जन्मला, न्यूयॉर्कच्या परिसरात वाढला, तबला शिकला आणि ड्रमही. २००१ साली त्यांचा ‘रिअलाइझ’ हा अल्बम आला. त्याच्या दोन वर्षं आधी तलविन सिंग यांच्या ‘ओके’ला इंग्लंडचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला होता आणि तबला या वळणाच्या संगीतात शोभतो हे जगाला मान्य झालं होतं. तरी ‘रिअलाइझ’चा पोत निराळा आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक सूर लांबवर पसरलेले आणि तबला त्यांच्यावर घाई न करता चालणारा. शब्दांनी ‘गारवा’ मराठी आहे, ‘रिअलाइझ’ला तो आधार नाही. तरीही दोन्ही पाठोपाठ ऐकून पाहावेत. एकीकडे भावगीताला सिंथेसायझरचा सूर भेटला, दुसरीकडे त्या सुराला तबला, आणि दोन्ही ठिकाणी मराठी घरात वाढलेल्या माणसांनी यंत्राला धीर धरायला लावला.

आता या संग्रहातल्या भांडणाविषयी. ते आहे, आणि संपादकांनी ते झाकलेलं नाही याचं मला समाधान आहे. भांडण पावसावरून आहे. ‘गारवा’तला पाऊस खिडकीतला आहे, आठवणींचा आहे, भेटीचा आणि न झालेल्या भेटीचा आहे. रायगडातला पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने एका रात्रीत जांभूळपाडा आणि नागोठणे बुडवलं, कित्येक माणसं गेली. २००५ च्या जुलैत पुन्हा जिल्ह्यावर तशीच वेळ आली, दरडी कोसळल्या. खारेपाटात उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याने पावसाची गाणी ऐकायची कशी? नागोठण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी हा प्रश्न सरळ विचारला आहे. त्यांच्या मते हा अल्बम मुंबई-पुण्याच्या पावसाचा आहे आणि आपल्या माणसांनी तो उसना घेतला.

मला त्यांचा राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. पावसाच्या भीतीवर आणि पावसाच्या कामावर आपल्याकडे गाणी आहेतच. लावणीच्या वेळी बायका वाकून आवण लावताना जे म्हणतात ते त्याचंच. पण लावणी उरकल्यावरचा जो पाऊस असतो, श्रावणाच्या तोंडाशी, जेव्हा शेतात करण्यासारखं थोडंच उरतं आणि बाहेरही जाता येत नाही, त्या पावसाला आपल्याकडे गाणं नव्हतं. ओटीवर बसून बघत राहायचं, एवढंच. ‘गारवा’ त्या रिकाम्या दुपारींत येऊन बसला. तो उसना आहे असं मला वाटत नाही, कारण इथल्या लोकांनी तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वापरला: ज्येष्ठात नाही, आषाढात कारखान्यात, श्रावणात घरी.

तरी या वादात सर्वांत वजनदार बोलणं त्या शिक्षकांचं नाही आणि माझंही नाही. ते रोह्याच्या एका बाईंचं आहे. त्यांना ‘गारवा’ आवडतो. शीर्षकगीत त्यांना पाठ आहे. त्या लिहितात की लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात नवरा कॅसेट लावून ओटीवर बसायचा आणि त्या आत ओल्या लाकडांची चूल फुंकत असायच्या. गाणं भिंतीपलीकडून यायचं. शब्द अर्धे ऐकू यायचे, धुराने डोळ्यांना पाणी यायचं, आणि बाहेरून चहाची हाक यायची. संपूर्ण कॅसेट एका जागी बसून त्यांनी ऐकली ती गॅस आल्यावर, मुलं शाळेला जाऊ लागल्यावर, नवरा कामाला गेलेला असताना. त्या दुपारी त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ऐकली, मग पुन्हा पहिली बाजू लावली. त्यांना कविता आवडल्याच, पण त्याहून अधिक आवडलं ते कुणी बोलावत नसताना ऐकणं. संथ संगीत ऐकायला वेळ लागतो आणि तो वेळ घरात कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न या विषयावर लिहिणाऱ्या जाणकारांनीसुद्धा क्वचितच विचारला आहे. या बाईंच्या टिपणात तो कुठल्याही आरोपाशिवाय उभा आहे.

टिपणांचा क्रम मूळ खर्ड्यात तालुक्यांप्रमाणे होता, आधी पेण आणि मग रोहा. या बाईंचं टिपण त्यामुळे शेवटून दुसरं येत होतं. ते पहिलं घ्यावं, अशी माझी एकच सूचना होती आणि ती मान्य झाली. वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. अल्बम आज मोबाइलवर सहज मिळतो, पण तिथे गाणी सुटी सुटी ऐकली जातात आणि कविता ओलांडून पुढे जाता येतं. तसं करू नये. कवितेपासून सुरुवात करावी आणि लिहिलेल्या क्रमानेच पुढे जावं. आखणीच्या त्या कारागिराला कवितेची जागा रंग कालवायला लागत होती, तुम्हाला ती कशाला लागते ते ऐकताना कळेल.